शून्यावरचा काटा

मार्लिसनं गाडी उभी केली तेव्हा लाइल शेडमध्ये लोडरशी भांडत होता.

"आता बोल ना! तिकडे बर्फावर गेलं की बोंब मारतोस, आणि इथे साळसूद!" असं म्हणून त्यानं हातातली कुबडी रबरी पट्ट्यावर आपटली.

"हिवाळा संपेस्तोवर माणसं वेडी होतात हे ऐकून होते," मार्लिस पान्यांची पेटी खाली ठेवत म्हणाली. "तू जानेवारीतच?"

"ये बाई, ये. आता तूच विचार त्याला. माझं तर हा ऐकत नाही."

मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला, जिथे तळं इतकं अफाट आहे की पलीकडचा काठ दुसऱ्या देशात पडतो, तिथे लाइलचं लॉज होतं. उन्हाळ्यात होड्या आणि हिवाळ्यात बर्फ, दोन्हींवर पोट. तळं गोठून घट्ट झालं की लोडरला पुढे फाळ लावून त्यावर रस्ता काढायचा, शेगडी असलेली लाकडी खोपटी ओढत आत न्यायची, आणि शहरातून आलेल्या हौशी मंडळींना बर्फाला भोकं पाडून मासे धरायला बसवायचं. तळ्याच्या अंगावर भेगा पडतात, त्यांवर लोखंडी पूल टाकायचे. भेग सरकली की पूलही सरकवायचा. आणि एक नियम सगळ्या लॉजवाल्यांचा: आपण आत सोडलेली माणसं आपणच बाहेर आणायची. तिथे सबब चालत नाही.

लोडर छोटासाच, एका माणसाचा. त्याला केबिनचं दार नव्हतं. ते शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. या यंत्राचं दार समोरून उघडतं, आणि पुढचे लोखंडी हात वर उचललेले असले की उघडतच नाही. म्हणून इकडची माणसं डिसेंबरात दारच काढून ठेवतात. बर्फ फुटला तर उडी मारता आली पाहिजे. गारठ्यानं नाक गळून पडलं तरी चालेल.

लाइलच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून लोडर त्याची मुलगी कर्स्टन चालवायची. नवरा दूर डकोटात तेलाच्या विहिरींवर, चार वर्षांची एल्सी आजोबांकडे, आणि ही बर्फावर. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी कर्स्टनला मार्लिसनंच हातावर घेतलं होतं. मार्लिसला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. धर्मलेक म्हणून जगात एवढी एकच, आणि तिच्यावर तिचा जीव होता. म्हणूनच लाइलचा फोन आल्यावर तिनं हातातलं काम तसंच टाकलं होतं.

कर्स्टन कॉफीचा थर्मास घेऊन आत आली. बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाली, "ऑइल प्रेशर पडतं. दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि इंजिन आपोआप बंद. पण फक्त बाहेर जाताना. तोंड घराकडे वळवलं की एका चावीत सुरू."

"फक्त बाहेर जाताना? मग तर लोडर तुझ्या बापावर गेलाय. त्यालाही घर सोडवत नाही."

कर्स्टन हसली नाही. एरवी ती खो खो हसली असती. मार्लिसला ते टोचलं.

"संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटणार आहे," कर्स्टन म्हणाली. "दुसऱ्या पुलापलीकडे अजून माणसं आहेत आपली. हेलमन म्हातारा आणि त्याची बायको, आणि दोघे भाऊ सेंट क्लाउडचे. काल भेग रुंदावली, पुलाचं एक टोक लोंबतंय. लोडरनं तो ढकलल्याशिवाय त्यांना इकडे येता येणार नाही. वारा सुटला की तो अख्खा बर्फ माणसांसकट उत्तरेला निघाला म्हणून समज."

"शेरीफचे पोलीस?"

"त्यांची माणसं पूर्वेच्या उपसागरात अडकलीत. तिथेही हेच चाललंय."

मार्लिसनं बाह्या वर केल्या आणि कामाला लागली.

डिपस्टिक ओढली. तेल बरोबर खुणेवर. बोटावर घेऊन वास घेतला. डिझेल मिसळलेलं नाही. कूलंट काठोकाठ, म्हणजे तिकडूनही पाणी शिरत नाही. सेन्सरची वायर हलवून पाहिली, प्लग पुसला. सेन्सर लबाड निघतात, दहातली आठ दुखणी तिथेच असतात. म्हणून तिनं स्वतःचं काट्याचं गेज काढलं, त्याची नळी थेट इंजिनाला जोडली आणि गेज केबिनमध्ये कर्स्टनच्या गुडघ्याशी बांधलं. त्या गेजमध्ये वीज नाही, मेंदू नाही. तेल जेवढं ढकलेल तेवढाच काटा हलणार.

इंजिन सुरू केलं. काटा झोकात चढला. इंजिन तापू दिलं, वेग वाढवला, कमी केला. काटा जिथे असायला हवा तिथेच.

"ठणठणीत आहे," मार्लिस म्हणाली.

"इथे," कर्स्टन म्हणाली.

मग दोघी तळ्यावर निघाल्या. पुढे लोडर, मागे लाइलच्या जुन्या ट्रकमध्ये मार्लिस, खिडक्या उघड्या, पट्टा सोडलेला. आभाळ आणि बर्फ एकाच मळक्या रंगाचे. नाताळ उरकला की गावातली सगळी झाडं लाइलकडे येतात, आणि तो ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बर्फात रोवतो, वादळात वाट चुकू नये म्हणून. काहींवर अजून चंदेरी झिरमिळ्या होत्या. वाऱ्यानं त्यांचा सळसळ आवाज येत होता.

त्यांतली काही झाडं रस्त्याच्या ऐन मधे रोवलेली दिसली. प्रत्येकाला तांबडं फडकं.

"ही काय भानगड?" मार्लिसनं वॉकीटॉकीवर विचारलं.

"जिथे जिथे बंद पडलं तिथे मी झाड लावलं," कर्स्टनचा आवाज खरखरत आला. "पहिलं दुसऱ्या पुलाशी आहे, दिसणार नाही इथून. हे समोरचं आज सकाळचं."

मार्लिसनं डोळे बारीक करून पाहिलं. तांबड्या फडक्यांची एक ओळ दूर धुरकट बर्फातून येत होती. पहिलं झाड पुलाशी, दुसरं त्याच्या अलीकडे, तिसरं आणखी अलीकडे. ओळ सरळ लॉजच्या दिशेनं येत होती.

यंत्रात बिघाड असेल तर तो यंत्राबरोबर फिरतो. तो असा चालत येत नाही.

सकाळच्या झाडाच्या बऱ्याच अलीकडे लोडरचा भोंगा वाजला.

मार्लिस ट्रकमधून उतरून धावत गेली. कर्स्टन गेजकडे बोट दाखवत होती. काटा पडत होता. थरथर नाही, धक्का नाही. कुणीतरी नळाची तोटी शांतपणे बंद करत आणावी तसा तो खाली आला आणि शून्यावर टेकला. इंजिन बंद पडलं.

त्या क्षणापर्यंत मार्लिसचे कान इंजिनाकडेच होते. तेलाविना फिरणारं इंजिन ओरडतं. बेअरिंग खडखडतात, आधी हळू, मग लोहाराच्या ऐरणीशेजारी उभं राहिल्यासारखं. इथे काहीच नाही. शेवटच्या फेऱ्यापर्यंत ते मऊ, गोल आवाजात चाललं होतं.

मग शांतता झाली. खाली, फार खोल, बर्फ एकदा कण्हला. तळी कण्हतातच, त्यात नवल नाही. पण त्या वेळी ते मार्लिसला आवडलं नाही.

लोडर ट्रकनं ओढून फिरवला, घराकडे तोंड केलं. एका चावीत सुरू. काटा झोकात वर.

शेडमध्ये आल्या आल्या तिनं खाली भांडं सरकवून तेल सोडलं. इंजिन हाताला चटका देत होतं. गरम तेल पाण्यासारखं भसकन येतं, म्हणून ती हात आखडून बसली होती. पण तेल येईचना. मग आलं ते काकवीसारखं, जाड, सावकाश. तिनं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. हिवाळाभर उघड्यावर पडलेल्या पिंपातलं असावं इतकं ते गार होतं.

"काय झालं?" लाइलनं विचारलं.

"तेल गार आहे."

"म्हणून प्रेशर पडतं?"

"गार तेलाचं प्रेशर चढतं रे, पडत नाही. आणि तापलेल्या इंजिनात तेल गार राहीलच कसं?" ती जवळजवळ ओरडली. आपण लाइलवर ओरडलो याचं तिला वाईट वाटलं, पण थांबायला सवड नव्हती.

तिनं फिल्टर कापून उघडला, आतला कागद पसरला, त्यावरून लोहचुंबक फिरवला. धातूचा एक कण नाही. दाबाची झडप काढून पाहिली, गुळगुळीत. चेंबर खाली घेऊन तेल ओढणारी जाळी पाहिली, स्वच्छ. चमचाभर लोखंडाचा चुरा सापडला असता तर मार्लिसनं देवाचे आभार मानले असते. बिघाड सापडला की माणूस त्याच्याशी लढू शकतो.

नवं तेल, नवा फिल्टर. पुन्हा बाहेर. या वेळी बर्फापर्यंतही पोचल्या नाहीत. होड्या पाण्यात सोडायचा काँक्रीटचा उतार संपतो आणि तळं सुरू होतं, त्या काठावरच काटा शून्यावर गेला.

कर्स्टननं खाली उतरून तिथे झाड लावलं नाही. ती नुसती उभी राहिली. मागे लॉजच्या खिडकीत एल्सी नाक चेपून बघत होती.

झाडांच्या शेंड्यांवरच्या झिरमिळ्या आता उत्तरेकडे ताणल्या जाऊ लागल्या होत्या. वारा फिरला होता.

"त्याचं बंद पडणंच काढून टाक," कर्स्टन म्हणाली.

"काय?"

"सेन्सरला फसव. तुला येतं ते. तुम्ही सगळे करता, आणि वर आम्हाला सांगता करू नका म्हणून."

"प्रेशर नसताना इंजिन किती वेळ चालेल माहितीये? मधेच जाम होईल ते. मग तूही तिथे आणि तेही तिथे. आगीतून फुफाट्यात!"

"तू ऐकलंस ना इंजिन? खडखडलं का?"

मार्लिसनं बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं.

"सांग ना. खडखडलं का?"

"नाही."

"मग तेल पोचतंय. तूच म्हणतेस ना, काटे खोटं बोलतील, इंजिन बोलणार नाही."

ती हे म्हणायची खरी. शेकडो वेळा म्हटलं असेल, आणि कौतुकानं टाळ्या घेतल्या असतील. आता इकडे आड आणि तिकडे विहीर. तिनं लाइलकडे पाहिलं. लाइल कुबडीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून तळ्याकडे बघत होता. "हेलमन तीस वर्षं येतोय आपल्याकडे," एवढंच तो म्हणाला.

मार्लिसनं सेन्सरची वायर सोडवली आणि त्या जागी बोटाच्या पेराएवढा रेझिस्टर बसवला. आता यंत्राच्या मेंदूला वाटणार, दाब उत्तम आहे. खरं काय ते फक्त तिचं गेज सांगणार.

"एक लक्षात ठेव," ती म्हणाली. "जरा खडखडलं की उतरायचं आणि पायी मागे फिरायचं. मशीन गेलं खड्ड्यात."

"हो गं आई," कर्स्टन म्हणाली. चिडवायचं असलं की ती तिला आई म्हणायची. मग लोडर मागे रिकामी घसरगाडी ओढत उतारावरून खाली गेला.

"काटा शून्यावर," वॉकीटॉकीवर आवाज आला.

"इंजिन?"

"मस्त. मांजरासारखं गुरगुरतंय."

मार्लिसला एका जागी उभं राहवेना. ती उतारावर खालीवर येरझाऱ्या घालू लागली. हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले. लोडरचे दिवे झाडांच्या ओळीतून लहान होत गेले आणि उडत्या बर्फात मिसळून गेले.

"पहिला पूल ओलांडला. काटा शून्यावर."

"आवाज?"

"मस्त."

हे शक्य नव्हतं. एव्हाना ते इंजिन लोखंडाचा ठोकळा व्हायला हवं होतं. मार्लिसला ठाऊक होतं, आणि तरी ते चालत राहावं म्हणून ती मनातल्या मनात विनवण्या करत होती. कुणाला, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"दुसऱ्या पुलाशी आलेय. हेलमन हात करतोय पलीकडून." मग थोडं थांबून, "मार्लिस, इथे किती शांत आहे गं."

"म्हणजे? इंजिन बंद पडलं?"

उत्तर नाही.

"कर्स्टन?"

नुसती खरखर.

तळ्यावरून एक आवाज आला. जाड काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तडकावी असा. लाइलच्या हातातली कुबडी पडली. त्यानं ती उचलली नाही.

मार्लिस बर्फावर धावली. सगळ्यांत जवळच्या तांबड्या झाडापर्यंत गेली आणि तिथे तिचा दम संपला. समोर काही दिसत नव्हतं. ती नाव घेऊन हाका मारत राहिली. वारा पाठीमागून होता, हाका पुढे जात असाव्यात. पण पलीकडून काही येत नव्हतं.

मग दिवे दिसले.

लोडर येत होता. सावकाश, नेहमीच्या चालीनं. मागे बांधलेल्या घसरगाडीत चार माणसं गोधड्या पांघरून एकमेकांना चिकटून बसली होती. आणि केबिनमध्ये कर्स्टन, टोपी मागे सरकवलेली. तिनं हात हलवला.

मार्लिस तिथेच गुडघ्यांवर बसली आणि रडली. अगदी लहान मुलीसारखी, नाक पुसत.

उतारावर हेलमन म्हाताऱ्याला तिनंच हात देऊन उतरवलं. त्याचे दात वाजत होते.

"बर्फ फुटला तेव्हा वाटलं, गेली पोरगी," तो तिच्या कानाशी म्हणाला. "दिवे दिसत होते ना आम्हाला. पण खालून. बर्फाच्या खालून." मग त्यानं मान हलवली. "वादळात नजर फसते. म्हातारा झालो मी."

मार्लिसनं वळून लोडरकडे पाहिलं. तो कोरडा होता. पट्ट्यांवर, फाळावर कुठे ओल नाही, गोठलेला थर नाही. कर्स्टनचा कोटही कोरडा ठणठणीत.

लोडर शेडमध्ये लावला. घराकडे तोंड होतं. काटा एव्हाना वर यायला हवा होता. तो शून्यावरच होता. इंजिन गुरगुरत होतं, एकसारखं, गोड. मार्लिसनं हात लांबवून चावी फिरवली आणि ते थांबलं.

मग तिनं हातमोजा काढून तळवा इंजिनावर टेकवला.

गार.

स्वयंपाकघरात शेगडी फुललेली होती. लाइलनं बटाट्याचा थर दिलेलं हॉटडिश भट्टीतून काढलं, सगळ्यांना वाढलं, आणि जाता येता लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्याला आनंद मावत नव्हता. सेंट क्लाउडचे भाऊ मोठमोठ्यानं हसत होते. कर्स्टननं कोट उतरवून खुर्चीवर टाकला.

"किती उकडतंय इथे," ती म्हणाली. "आणि भूक तर अशी लागलीये!"

ती पोटभर जेवली. पूल कसा ढकलला, तो कसा अडकला, हेलमनबाईंनी पकडलेले मासे सोडून यायला कसा नकार दिला, सगळं हातवारे करून सांगितलं. तीच कर्स्टन, तोच आवाज, तीच हसताना नाकाला पडणारी सुरकुती. आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला, असं मार्लिसला क्षणभर खरंच वाटलं.

तिनं टेबलावरून हात पुढे केला आणि कर्स्टनचं मनगट धरलं. मायेनं धरावं तसंच. मग अंगठा हळूच आतल्या बाजूला, नाडीच्या जागी सरकवला.

"काय गं?" कर्स्टन म्हणाली.

"काही नाही. गारठलीस का बघतेय."

मार्लिसनं बोट सरकवून पाहिलं. थोडं वर, थोडं खाली. जरा दाबून. माझीच बोटं बधिर झाली असतील, तिनं स्वतःला बजावलं. दिवसभर पाने धरून ती मेलीत माझी. हात सोडून तिनं बोटं काखेत घालून गरम केली आणि पुन्हा पाहायचं ठरवलं. मग पाहिलं नाही. तिचं धाडस झालं नाही.

एल्सी पायजम्यात आली, डोळे चोळत. रोज झोपायच्या वेळी चढते तशी आईच्या मांडीवर चढली, छातीला कान लावला आणि अंगठा तोंडात घातला.

जरा वेळानं तिनं डोकं उचललं. दुसऱ्या बाजूला कान लावला. पुन्हा उचललं. आईच्या तोंडाकडे बघितलं.

"झोप ना गं राणी," कर्स्टन तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, आणि उद्या पूल कुठे हलवायचा ते लाइलला सांगू लागली.

पोर मांडीवरून खाली घसरली, टेबलाला वळसा घालून मार्लिसकडे आली, तिच्या कुशीत शिरली, तिच्या छातीवर कान ठेवला, आणि लगेच झोपून गेली.